सरावात सर्व काही जमते, पण मोठ्या सामन्याआधी हातपाय गार पडतात, काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही महाविद्यालयाच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यावर खेळता, येत्या रविवारी अंतिम सामना आहे, आणि आदल्या रात्री झोप न लागणे, सकाळी मळमळणे व मैदानात पाय जड होणे हा त्रास तुम्हाला प्रत्येक मोठ्या सामन्याला होतो. मी नागपुरात अकरा वर्षे याच जागेवर खेळलो आणि आता मुलांना शिकवतो, म्हणून अनुभवाचेच सांगतो.

मळमळ हे कच्चेपणाचे लक्षण नाही. संकटाची चाहूल लागताच शरीरात ॲड्रेनालिन वाढते, हृदय धडधडू लागते आणि रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. पोट ढवळते ते त्यामुळेच. चढाईपटूचा घोटा क्षणात धरायचा तर शरीराला हीच तयारी लागते. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणाऱ्यांचे भाषण सरस ठरले होते. धडधड दाबत बसण्यापेक्षा तिला खेळण्याची ओढ म्हणणे मलाही सोपे गेले.

मात्र माझे खरे दुखणे निराळे होते. चिटणीस पार्कवरच्या एका अंतिम सामन्यात पहिल्याच चढाईत मी घाईने घोट्यावर झेप घेतली, चढाईपटू मला बाद करून निसटला, आणि बाहेर बसल्या बसल्या माझ्यामुळे संघ बुडणार हा एकच विचार डोक्यात घोळू लागला. परत आत आल्यावर आणखी दोन पकडी हुकल्या. मध्यंतरात प्रशिक्षकांनी एवढेच विचारले, “झेप घेतलीस तेव्हा शेजाऱ्याचा हात धरला होतास का?” तो मी केव्हाच सोडला होता. सातही जणांचा भार एकट्याने उचलायला निघालो आणि जो हात माझ्यासाठीच पुढे होता त्याचा मला विसर पडला.

म्हणून साखळीत तुमच्या शेजारी जो उभा राहतो, त्याच्याशी सामन्याआधी बोला. आपल्याला धास्ती वाटते हे त्याला मोकळेपणाने सांगा; बहुधा त्यालाही वाटत असते. मग खूण ठरवा: हात एकदा दाबला तर थांबायचे, दोनदा दाबला तर तुम्ही घोटा धरायचा आणि त्याने वरून झाकायचे. चषक, प्रेक्षक, घरच्यांच्या अपेक्षा हे सारे त्या दाबाच्या खुणेपुढे आपोआप मागे पडते. शिवाय चढाई ३० सेकंदांचीच असते. घाई चढाईपटूला असते, तुम्हाला नसते. तिसऱ्या चढाईचा नियम लागू असेल, तर दोन रिकाम्या चढायांनंतर गुण आणण्याचे दडपण पूर्णपणे त्याच्यावर असते.

पहिली चूक झालीच तर क्रिकेटमधला २०२५ चा रणजी अंतिम सामना आठवा. आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावर केरळविरुद्ध विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती, तेथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली, आणि पुढे पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने करंडक जिंकला.

श्वासासाठी वेगळे तंत्र शोधू नका. कबड्डीचा दमच पुरेसा आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून मैदानाबाहेर हळू आवाजात, जमेल तितका लांब दम घुमवा, सावकाश श्वास घ्या आणि असे आठ-दहा वेळा करा. मी आजही मुलांकडून हे करून घेतो.

रविवारी सकाळी तर्री पोहे मुळीच खाऊ नका. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात, नंतर हवे तर एखादे केळे पुरे. चहाने धडधड वाढत असेल तर तोही टाळा. झोप लागली नाही तरी अंधारात पडून राहा, घड्याळ पाहू नका. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने कित्येक महिन्यांचा सराव वाया जात नाही. सामने नसतानाही अशी मळमळ आणि धडधड होत असेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य भेटा.

शुक्रवारच्या सरावात शेवटची पाच मिनिटे दोन गुणांनी मागे असल्याचे धरून खेळा, बाहेर बसलेल्या मुलांना मोठ्याने ओरडायला सांगा, आणि त्या गोंगाटात शेजाऱ्याने हात किती वेळा दाबला हे तुम्हाला कळते का, ते पाहा.