सहावीतल्या मुलीला पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे कशी शिकवावीत?

मुलीला मांडून दिलेलं गणित येतं, पण शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी तेच कळत नाही, आणि वजाबाकीत उसने घेताना ती हमखास चुकते, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरात साखर पेठेत पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. या दोन अडचणी वेगळ्या आहेत, एकदम हाताळू नका.

पहिली अडचण वाचनाची. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘कमी’ दिसलं की वजाबाकी, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते आधी काढा. हे उदाहरण द्या: सोमवारी ३ १/४ किलो शेंगाचटणी खपली. ती मंगळवारपेक्षा १ १/२ किलोने जास्त होती. मंगळवारी किती खपली?

बरीच मुलं धडाधड बेरीज करून ४ ३/४ लिहितात. माझ्याकडची कितीतरी मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांची नजर ‘पेक्षा’वरून घसरते, पण मराठी घरातली मुलंही इथेच अडतात. मी पेन्सिल खाली ठेवायला लावते आणि विचारते, जास्त कधी खपली? सोमवारी. मग मंगळवारचं उत्तर सव्वातीनपेक्षा कमीच यायला हवं ना? एवढं मुलाच्या तोंडून आलं की पुढचं सांगावं लागत नाही.

आता उसने. समच्छेद केल्यावर ३ १/४ − १ २/४ होतं. १/४ मधून २/४ जात नाहीत. मग मुलं उलटी वजाबाकी करून २ १/४ लिहितात, नाहीतर सवयीने दहा उसने घेऊन ११/४ करतात. इथे खरोखरचे शेंगदाणे घ्या. एकेक किलोच्या तीन पिशव्या आणि पाव किलोची एक पुडी. एक पिशवी फोडून तिच्या चार पुड्या करा. आता दोन पिशव्या, पाच पुड्या, म्हणजे २ ५/४. त्यातून एक पिशवी आणि दोन पुड्या बाजूला काढल्या की १ ३/४ उरतात, पावणेदोन किलो. उसना एक म्हणजे इथे ४/४, हे मुलीने हाताने केलं की दहा घेणं सुटतं. बेरजेत हेच उलटं: चार पुड्या झाल्या की एक पिशवी.

शाळेत सगळ्याचे अंशाधिक अपूर्णांक करून सोडवायला सांगतात. रीत बरोबर आहे, पण २७ १/४ चे १०९/४ करताना गुणाकारातच चूक होते. वजाबाकीसाठी मला पिशवी फोडायची रीतच बरी वाटते.

हे जमलं की १२ मीटरच्या ताग्यातून ४ ३/४ मीटर कापड कापायला द्या. वर अपूर्णांकच नसल्यामुळे मुलं ८ ३/४ लिहून मोकळी होतात. १२ चे ११ ४/४ करून घ्या, उत्तर ७ १/४ मीटर येईल.