नॅनोट्यूबचं चिलखत लिहिताना

अरे, देवळालीच्या लष्करी छावणीतल्या तोफा ऐकत वाढलेल्या पोराने चिलखताची कथा लिहावी, हे छानच. पण तुझा नायक कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, पातळ बनियनवर गोळी झेलतो आणि केस विंचरत पुढे जातो, ते नाही पटत. गोळी आत शिरली नाही, तरी तिचा धक्का जाणार कुठे? बरगडीतच! कापड जितकं पातळ नि लवचीक, तितकं वाईट. आत जाड अस्तर दे.

तलवार मात्र नको. नॅनोट्यूब ओढला तर पोलादाला भारी, दाबला की वाकतो. येवल्याच्या संक्रांतीत मांजाने बोट कापून घेतलंयस ना? मग नॅनोट्यूबच्या ताणलेल्या दोऱ्याचा तसा फास लिही, जाळं लिही. शिवाय हा शेवटी कार्बन. हवेत साधारण ६०० अंश सेल्सिअसला जळतो. शत्रूच्या हाती ज्वाळा दे, मग बघ.