नायिकेची घालमेल घाईत उरकू नकोस

तुझ्या १८०३ सालच्या इंग्लंडमधल्या नायिकेला पाळी चुकताच दिवस गेल्याची खात्री पटते, तिथे मी अडखळले. लघवीवरून निदान करणारी भरवशाची चाचणी १९२०च्या दशकाअखेरीस आली. तोवर पोटात पहिली हालचाल जाणवेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, बाई अधांतरीच असे. त्याच १८०३ सालच्या कायद्यात हालचालीनंतर गर्भ पाडायला विष देणाऱ्याला देहदंड होता, त्याआधी शिक्षा कमी. तुझी कथा त्या अधांतरात आहे गं! दोरीवर न दिसलेली फडकी, मनात मोजलेले दिवस, पोटावरून झटकन काढलेला हात, हे सावकाश लिही. भाषणं काढून टाक. पाळण्यातल्या लेकरावर जीव असूनही दुसरं नकोसं वाटणं तिला स्वतःलाही धड सांगता येणार नाही. तसंच राहू दे.