पीटीपी लॉक आहे, तरी फेज चुकतेय?

मोबाइल साइटवर पीटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवणारं प्रोटोकॉल) लॉक दिसतंय आणि अलार्म नाही म्हणजे टायमिंग ठीक, असं धरून चालू नकोस. सिंक-ई (इथरनेटच्या सिग्नलमधूनच क्लॉक देणारं तंत्र) फक्त फ्रिक्वेन्सी, म्हणजे घड्याळाचा वेग देतं. टीडीडी साइटला (जिथे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं) फेजही लागते, म्हणजे ठोका सगळीकडे एकाच क्षणी पडावा लागतो, आणि तिथे मर्यादा अधिक-उणे 1.5 मायक्रोसेकंदांची.

लॉक असूनही फेज सरकलेली दिसली तर पहिला संशय फायबरवर घे. पीटीपी जायचा आणि यायचा वेळ सारखाच मानतं. पॅचिंग करताना कुणी एकच बाजू लांबून फिरवली, समज 200 मीटरचा फरक पडला, तर मीटरला साधारण 5 नॅनोसेकंद धरून 1000 झाले. त्याच्या निम्मी, म्हणजे 500 नॅनोसेकंदांची चूक थेट घड्याळात शिरते. त्या 1.5 मायक्रोसेकंदांच्या बजेटचा एक तृतीयांश गेला आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार! साइटवर जीएनएसएस रिसीव्हर (जीपीएससारख्या उपग्रहांवरून वेळ घेणारा) नेऊन त्याचा 1 पीपीएस, म्हणजे दर सेकंदाचा ठोका, साइटच्या ठोक्याशी ताडून बघ. (त्याच्या अँटेना केबलचा डिले भरायला लोक हमखास विसरतात.)

सिंक-ईची रिंग असेल तर क्वालिटी लेव्हलचे मेसेज (क्लॉक किती भरवशाचं ते सांगणारे) चालू आहेत ना, तेही तपास. नाहीतर दोन नोड एकमेकांकडूनच क्लॉक घेत बसतील. आणि होल्डओव्हरचे (बाहेरचा क्लॉक तुटल्यावर घड्याळ स्वतःच्या बळावर चालतं, त्याचे) डेटाशीटमधले आकडे बहुधा स्थिर तापमानाचे असतात. उन्हात तापणाऱ्या कॅबिनेटमध्ये त्यांच्यावर विसंबू नकोस.