रेणूच्या आकृतीत काय गाळले आहे, ते आधी पाहा

सेंद्रिय रसायनशास्त्रात रेणू कागदावर काढण्याच्या बाँड-लाइन, फिशर आणि न्यूमन या पद्धतींच्या वेगवेगळ्या आकृत्या समोर आल्या की त्या एकाच संयुगाच्या आहेत की वेगळ्या, हे परीक्षेत ठरवता येत नाही, अशी तुमची अडचण आहे. माझ्या मते इथे पाठांतर कमी पडत नसून, प्रत्येक पद्धत रेणूबद्दलची कोणती माहिती गाळते याकडे दुर्लक्ष होते.

बाँड-लाइनमध्ये रेषेचे अक्षर नसलेले टोक किंवा कोपरा म्हणजे एक कार्बन; कार्बनवरचे हायड्रोजन गाळलेले असतात आणि कार्बनचे चार बंध पुरे होतील इतके ते आपण धरतो. मात्र दोन रेषा मिळतात त्या कोपऱ्यावर धनभार असेल, तर त्या कार्बनला तीनच बंध असल्यामुळे तिथे एकच हायड्रोजन धरावा. यापलीकडे या पद्धतीत अवघड काही नाही.

खरा वेळ फिशरला द्यावा. तिथे साखळी उभी काढतात आणि उभ्या-आडव्या रेषांच्या छेदावर कार्बन असतो; आडवे बंध आपल्याकडे येतात आणि उभे मागे जातात, पण कागदावर सारे सपाट दिसते. डी-ग्लिसराल्डिहाइड घ्या: वर अल्डिहाइड गट, खाली हायड्रॉक्सिमिथिल, उजवीकडे हायड्रॉक्सिल आणि डावीकडे हायड्रोजन. मधल्या कार्बनची त्रिमितीय मांडणी ‘आर’ (घड्याळाच्या दिशेने) की ‘एस’ (उलट दिशेने) हे ठरवताना, गटांच्या प्राधान्यक्रमाने (कार्बनला जोडलेला जास्त अणुक्रमांकाचा अणू आधी) हायड्रॉक्सिलपासून अल्डिहाइडकडे व तिथून खाली गेल्यास दिशा घड्याळाच्या उलट येते. परंतु हायड्रोजन आडव्या रेषेवर, म्हणजे आपल्या बाजूला असल्याने उत्तर उलटवावे लागते आणि ते ‘आर’ ठरते. ही आकृती 180 अंशांत फिरवलेली चालते, 90 अंशांत मात्र कधीही फिरवू नये, कारण मग आरशातील प्रतिमेचा रेणू हाती येतो.

आणखी एक गोष्ट फिशरमध्ये लपते: साखळी ग्रस्त, म्हणजे एक्लिप्स्ड, स्थितीत काढलेली असते. म्हणून मेसो (आरशातील प्रतिमेशी तंतोतंत जुळणाऱ्या) टार्टारिक आम्लाचे दोन्ही हायड्रॉक्सिल फिशरमध्ये एकाच बाजूला असले, तरी बाँड-लाइनच्या नागमोडी साखळीत एक वेजवर (आपल्याकडे येणाऱ्या ठळक बंधावर) आणि दुसरा डॅशवर (मागे जाणाऱ्या तुटक बंधावर) येतो. शेजारच्या कार्बनांबाबत हा नियम कारणासकट समजून घ्यावा, कारण मधला बंध 180 अंशांत फिरवल्याशिवाय नागमोडी साखळी मिळतच नाही.

न्यूमनमध्ये दोन कार्बनांमधल्या बंधाच्या रेषेतून रेणूकडे पाहतात; त्यात केंद्रात मिळणाऱ्या रेषा पुढच्या कार्बनच्या आणि वर्तुळाच्या कडेवरून निघणाऱ्या मागच्याच्या असतात. मागचा कार्बन फिरवल्याने संयुग बदलत नाही.

सरावासाठी टार्टारिक आम्लाचा एकच रूपभेद तिन्ही पद्धतींनी काढून प्रत्येकावरून आर-एस ठरवा. उत्तरे जुळली नाहीत, तर सर्वांत आधी फिशरमधला आडवा हायड्रोजन तपासा.