जुना दोन प्रोसेसरचा सर्व्हर घेतोयस? आधी पिढी बघ

भाऊ, गिगाहर्ट्‌झ नंतर, आधी नावापुढचा 'व्ही', म्हणजे पिढीचा आकडा, बघ. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरच्या झिऑन ई५-२६०० मालिकेत व्ही२ (२०१३) डीडीआर३ रॅमवर चालतो. व्ही३ (२०१४) आणि व्ही४ (२०१६) डीडीआर४ वर. व्ही३ च्या बोर्डवर बायोस अपडेट करून बहुतेक वेळा व्ही४ बसतो, व्ही२ नाही. आणि ई५-१६०० मालिकेची चिप स्वस्त दिसली तरी घेऊ नको, ती जोडीने चालतच नाही.

खरी गोम रॅममध्ये आहे. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचे चार चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारे रस्ते, असतात. विकणारे सगळ्या रॅम एकाच बाजूला ठोकून देतात, मग दुसरा प्रोसेसर प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या दारात उभा! दोन्हीकडे चार-चार सारख्या लाव. लिनक्सवर 'numactl --hardware' चालवलं की कुठल्या नोडला (प्रोसेसर आणि त्याची रॅम) किती मेमरी आहे ते लगेच दिसतं.

आपल्या जळगाव-भुसावळात मे महिन्यात पंचेचाळीसला पारा जातो, हे विसरू नको. २६९० व्ही४ एकटा १३५ वॅटचा, २६५०एल व्ही४ फक्त ६५. कोअर दोन्हीत १४. एलचा वेग कमी, पण एसी नसलेल्या खोलीत मी तरी तोच घेईन.