रिपोर्ट नॉर्मल, पण पायाखाली होडीच

प्रश्न: माझं वय ४७. सात महिन्यांपूर्वी एके पहाटे कूस बदलली आणि अख्खी खोली गरगर फिरली, उलट्या झाल्या. चारेक दिवसांत ते गेलं, पण तेव्हापासून दिवसभर होडीत उभं असल्यासारखं वाटतं. एमआरआय नॉर्मल, बीपी-शुगर नॉर्मल, मानेचा पट्टा लावून झाला, गोळ्या चालूच आहेत. घरचे म्हणतात तू उगाच मनाला लावून घेतेस. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, मी डॉक्टर नाही, पण चार वर्षं हेच घेऊन जगतेय, त्यामुळे ते 'मनाला लावून घेतेस' मलाही तोंडपाठ आहे. आपली गोची अशी की खोली फिरली तरी चक्कर, उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली तरी चक्कर, तोल गेला तरी चक्करच. एका कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "चक्कर हा शब्द न वापरता सांगा काय होतं," आणि मला पाच मिनिटं काही सुचेना.

तुम्ही आधी हे आठवा, ते चार दिवस सलग गरगरत होतं की फक्त कूस बदलली, दोरीवर कपडे टाकायला मान वर केली की मिनिटभर? मिनिटभर असेल तर बहुतेक कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे जागेवरून सुटले असणार, त्या दुखण्याला बीपीपीव्ही म्हणतात. त्यासाठी कॉटवर झोपवून डोकं ठराविक पद्धतीने वळवतात, एप्ली म्हणतात त्याला, माझ्या सासूबाईंचं एका खेपेत गेलं. सलग असेल तर कानाच्या नसेला सूज येऊन गेलेली असू शकते. तपासून ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आता होडीचं. मूळ दुखणं बरं झालं तरी मेंदू सावधच राहतो, सारखा तोल तपासत बसतो. तीन महिन्यांच्या वर, जवळजवळ रोज, उभं राहिल्यावर, चालताना, किराण्याच्या रॅकमधून जाताना किंवा मोबाइल स्क्रोल करताना वाढणारं असेल तर पीपीपीडीबद्दल, म्हणजे असं डोलणं टिकूनच राहतं त्या आजाराबद्दल, डॉक्टरांना नक्की विचारा. या आजाराचे निकष २०१७ मध्ये ठरले, म्हणजे नाव तसं नवंच, आणि एमआरआयमध्ये तो दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ तुम्ही नाटक करताय असा होत नाही, हे घरच्यांना वाचून दाखवा हवं तर.

चक्कर दाबायच्या गोळ्या सुरुवातीचे काही दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू नव्याने तोल शिकायला मागे पडतो. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. मला फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले, एक तर अगदी साधा, अंगठा समोर धरायचा, नजर त्याच्यावरच ठेवायची आणि डोकं 'नाही नाही' म्हटल्यासारखं हलवायचं. पहिला आठवडा इतकं मळमळलं की सोडूनच देणार होते, महिन्याभराने जिना कठडा न धरता उतरले. डॉक्टरांनी डिप्रेशनवरची एक गोळी कमी डोसमध्ये दिली तेव्हा मी चिडले होते, म्हटलं झालं, यांनीही वेडीत काढलं! पण ती या आजारातही देतात.

आणि एकदम बोलताना जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, हातापायातली ताकद गेली तर हे सगळं बाजूला, थेट हॉस्पिटल.

माझं म्हणाल तर मंडईत अजूनही गर्दीच्या वेळी जात नाही, साडेआठला उरकते, आणि मॉलमध्ये दोनच वस्तू घ्यायच्या असल्या तरी ट्रॉली घेते. धरायला.